आईला घेऊन रत्नागिरी, त्रेपन्नाव्या वर्षी शिकलेल्या गाडीतून

नवऱ्याला काचबिंदू आहे हे २०२१ मध्ये कळलं. कडेचं दिसणं बरंच कमी झालं होतं, डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केली आणि आमची वॅगन आर कोथरूडच्या सोसायटीत कव्हर घालून उभी राहिली, ती दोन वर्षं. मला गाडी येत नव्हती. स्कूटरवर माझं सगळं भागायचं.

फेब्रुवारी २०२३ मध्ये एका रात्री जेवताना आई म्हणाली, "एकदा भाट्याचा समुद्र बघायचा होता गं. पण आता एसटी झेपायची नाही." आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. तिचं माहेर रत्नागिरीजवळ, पावसच्या वाटेवर. घर कधीच विकलं गेलंय, तिथे आता आमचं कुणी नाही.

भाड्याच्या गाडीने जाता आलं असतं. चौकशी केली, चार दिवसांचे बावीस हजार सांगितले. पण अडचण पैशांची नव्हती. आधी दोन वेळा आम्ही तिला भाड्याच्या गाडीने बाहेर नेलं होतं. दोन्ही वेळा ती दाराच्या वरचं हँडल घट्ट धरून, ताठ बसून राहिली. ड्रायव्हरचा खोळंबा नको म्हणून लघवीलासुद्धा गाडी थांबवा म्हणाली नाही. डोळा तर मिटलाच नाही. तिला समुद्र दाखवायचा तर तिच्या वेळेने थांबणारी गाडी हवी होती. त्या रात्री मी ठरवलं की आपणच शिकायचं.

शिकाऊ परवाना आता घरबसल्या निघतो. परिवहन खात्याच्या सारथी पोर्टलवर आधारचा ओटीपी टाकायचा, कॅमेऱ्यासमोर बसायचं आणि पंधरा प्रश्न सोडवायचे. नऊ बरोबर आले की पास. चाळिशी ओलांडलेल्यांना नमुना १-अ हे वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं आणि ते एमबीबीएस डॉक्टरांकडूनच घ्यावं लागतं. मला हे माहीत नव्हतं, त्यामुळे अर्ज तीन दिवस अडकून पडला. आमच्या डॉक्टरांनी दोनशे रुपये घेतले. शिकाऊ परवान्याची सरकारी फी साधारण तेवढीच. परीक्षेला बसताना खिडकी पाठीमागे ठेवू नका, उजेड चेहऱ्यावर येऊ द्या. माझा चेहरा काळा दिसत होता म्हणून पहिल्यांदा मध्येच सगळं बंद पडलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली.

प्रश्नसंच नुसते पाठ करू नका, समजून घ्या, असं मी आवर्जून सांगेन. 'अरुंद घाटरस्त्यावर कोणी कोणाला वाट द्यायची?' हा त्यातलाच एक प्रश्न. उत्तर आहे, चढणाऱ्या गाडीला. चढावर थांबलेली गाडी पुन्हा उचलणं जास्त अवघड असतं, म्हणून. मार्चमध्ये मी हे मार्कांसाठी वाचलं होतं.

३ मार्चला शिकाऊ परवाना हातात आला. तो सहा महिने चालतो आणि पक्क्या परवान्याच्या चाचणीसाठी मध्ये किमान तीस दिवस जावे लागतात. तेवढ्या दिवसांत ड्रायव्हिंग क्लास लावला. अर्ध्या तासाचे वीस धडे, साडेसहा हजार रुपये. शिकवणारे सर चांगले होते, कधी आवाज चढवला नाही. पण क्लासच्या गाडीत त्यांच्या पायाखालीही ब्रेक आणि क्लच असतो. आपण चुकलो की गाडी सावरते आणि ती आपणच सावरली असं वाटतं. विसाव्या दिवशी मला त्यांची गाडी येत होती, स्वतःची येत नव्हती.

पुण्यात चारचाकीची चाचणी नाशिक फाट्याजवळच्या आयडीटीआर या वाहनचालक प्रशिक्षण संस्थेच्या ट्रॅकवर होते. माझी पहिली तारीख २७ एप्रिल. सकाळी सातला घरातून निघाले. ऊन चढेपर्यंत नंबर आला नाही आणि तोवर हात घामाने ओले झाले होते. आठचा आकडा नीट काढला. चढावर थांबून गाडी पुन्हा उचलायची होती, तिथे ती हातभर मागे आली. नापास. नापास झाल्यावर सात दिवस पुन्हा चाचणी देता येत नाही आणि चाचणीचे तीनशे रुपये नव्याने भरावे लागतात. घरी येऊन मी कुणाशी बोलले नाही. आईने कुळथाचं पिठलं आणि भात केला आणि पानावर बसल्यावर एवढंच म्हणाली, "डोंगर चढताना बैलसुद्धा मागं येतो."

त्या चौदा दिवसांत मी फक्त चढाचाच सराव केला. हँडब्रेक ओढून ठेवायचा, क्लच हळूहळू सोडत आणायचा, गाडीचं नाक किंचित वर उचललं गेलं आणि इंजिनाचा आवाज जड झाला की मगच हँडब्रेक खाली करायचा. तो क्षण कानाने ओळखायचा असतो. रोज संध्याकाळी वीस वेळा. ११ मेला पास झाले. परवान्याचे आणि कार्डाचे मिळून साडेसातशेच्या आसपास गेले आणि ६ जूनला स्पीड पोस्टाने कार्ड घरी आलं.

आता गाडी. दोन वर्षं उभी राहिलेली गाडी किल्ली फिरवली की निघाली, असं होत नाही. बॅटरी संपली होती. टायरांची नक्षी शाबूत होती, पण रबराला बारीक भेगा पडल्या होत्या. गॅरेजवाल्याने सहा वर्षांचे टायर घाटात नेऊ नका असं स्पष्ट सांगितलं. चारही बदलले. बॅटरी, टायर, ब्रेकचं काम आणि सर्व्हिसिंग मिळून सत्तावीस हजार झाले. विमा संपून नव्वद दिवसांच्या वर झाले होते, त्यामुळे नवऱ्याने इतक्या वर्षांत जमवलेला नो क्लेम बोनस, म्हणजे हप्त्यातली सवलत, गेला आणि नवीन विम्याआधी गाडीची तपासणी करावी लागली. गाडी वापरत नसाल तरी विमा चालू ठेवा, हे मी आता प्रत्येकाला सांगते. फास्टॅग बंद पडला होता, तो चालू करून घ्यायला बँकेने नऊ दिवस लावले. तेव्हा टॅगशिवाय नाक्यावर गेलं तर दुप्पट टोल द्यावा लागायचा. हे काम शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका. पीयूसी दहा मिनिटांत झालं.

जून ते नोव्हेंबर सराव केला. स्वतःच्या गाडीवर शिकवायला दुसरे एक काका मिळाले. एका फेरीचे चारशे, अशा दहा फेऱ्या. आधी पहाटेचा कर्वे रस्ता, मग पावसातला पौड रस्ता. ऑगस्टमध्ये चांदणी चौकाचा नवा उड्डाणपूल सुरू झाला आणि कुठली मार्गिका कुठे जाते ते समजायला मला तीन रविवार लागले. सप्टेंबरात दिवे घाट. ऑक्टोबरात बोपदेव, तिथली वळणं जास्त अंगावर येतात. नोव्हेंबरात खंबाटकी चढून साताऱ्यापर्यंत जाऊन आले. प्रत्येक वेळी फक्त एकच नवीन गोष्ट. सगळ्या रस्त्याचा एकदम विचार केला की रात्री झोप उडायची. उद्या फक्त बोपदेव, असं म्हटलं की लागायची.

निघण्याआधी नवऱ्याशी एक करार केला. तो तीस वर्षं गाडी चालवत होता. सराव करताना तो शेजारी बसला की प्रेमानेच सांगायचा, क्लच अर्धा धर, डावीकडे घे, आता तिसरा टाक. पण मी रस्ता बघायचं सोडून त्याचं ऐकत बसायचे. त्याला बाजूचं दिसत नाही, तरी हातापायांना सगळं आठवतं, त्याचा जीव वर-खाली होतो, हे मला कळत होतं. ठरलं असं की घाटात तो फक्त एकच शब्द बोलेल, 'थांब'. बाकी काही नाही. त्याने शब्द पाळला आणि सात दिवसांत तो शब्द दोनदाच वापरला. घरात शिकवणारं माणूस असेल तर हे आधीच ठरवून घ्या.

गुरुवार १४ डिसेंबरला सकाळी साडेसहाला निघालो. शनिवार-रविवारची गर्दी टाळायची म्हणून गुरुवार. पहिल्या दिवशी फक्त कोल्हापूर गाठायचं, तिथे मुक्काम करायचा आणि दुसऱ्या दिवशी ताज्या अंगाने आंबा घाट उतरायचा, असा बेत होता. सरावलेली माणसं पुणे-रत्नागिरी एका दिवसात करतात. नवशिक्याने करू नये आणि सोबत वयस्कर माणूस असेल तर मुळीच करू नये.

कात्रजचा नवा बोगदा, खेड शिवापूरचा टोल, मग खंबाटकीचा चढ. तेव्हा जाताना घाट चढावा लागायचा, बोगदा येतानाच्या गाड्यांसाठी होता. मागे बघायच्या आरशात आई दिसत होती, हँडल धरून बसलेली. चढावर एक कंटेनर पुढे रांगत होता. ओलांडायचा मोह झाला नाही, त्याच्या मागे मागेच दुसऱ्या गिअरमध्ये वर गेले. सुरूरला चहासाठी थांबलो. पुढे आणेवाडी आणि तासवडे हे टोलनाके. कराडच्या आसपास रस्ता रुंदीकरणाचं काम चालू होतं, जागोजागी वळणरस्ते, फलक अगदी ऐनवेळी दिसायचे. तिथे चाळीसच्या वर गेले नाही. किणीचा टोल धरून चारही नाक्यांचे साडेतीनशेच्या आसपास गेले. दुपारी दीडला कोल्हापूर. आम्ही सहा वेळा थांबलो होतो. त्यातल्या दोन वेळा आईने स्वतःहून सांगितलं होतं.

शुक्रवारी साडेआठला निघालो. बांबवडे, मलकापूर, आणि पावणेअकराच्या सुमाराला आंबा गाव. घाटाआधीच्या टपरीवर एक ट्रकचालक चहा पीत होते. माझी बोटं किल्लीशी चाळा करताना त्यांनी पाहिली असावीत. "पहिल्यांदा उतरताय का ताई?" म्हणाले. हो म्हटलं. त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या. ज्या गिअरमध्ये हा घाट चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा, न्यूट्रल अजिबात नको, इंजिनच गाडीला धरून ठेवतं. ब्रेकवर पाय ठेवून बसू नका, दाबायचा आणि सोडायचा. आणि उतारावर गाडी लावली तर हँडब्रेकवर भरवसा नको, तोंड खाली असेल तर रिव्हर्स, वर असेल तर पहिला गिअर टाका आणि चाकाला दगड लावा. असं म्हणून त्यांनी टपरीमागून चिऱ्याचा एक तुकडा आणला, लाल, भोकाभोकांचा, अर्ध्या विटेएवढा, आणि माझ्या हातात दिला. "हा असू द्या डिकीत."

जुलै २०२१ च्या पावसात या घाटात मोठ्या दरडी कोसळल्या होत्या. नंतर डागडुजी झालेल्या भिंती मध्ये मध्ये दिसतात. दुसरा गिअर टाकला आणि उतरायला लागले. पहिल्या दोन वळणांवर पाय आपोआप ब्रेककडे जात होता. तिसऱ्यानंतर इंजिनाचा तो घुमणारा आवाज ओळखीचा झाला. पुढच्या ट्रकच्या ब्रेकचा जळका वास येत होता, म्हणून अंतर वाढवलं. मधल्या एका आवळ वळणावर समोरून एसटी चढत आली. ती वळणाचा सगळा रस्ता घेणार हे दिसत होतं. 'चढणाऱ्याला वाट.' मी वळणाच्या अलीकडेच कडेला थांबले. मागच्या गाडीने हॉर्नचा सपाटा लावला. नवरा गप्प होता, पण त्याची मूठ आवळलेली दिसली. एसटी आमच्या दारापासून दोन हातांवरून वर गेली आणि चालकाने स्टिअरिंगवरचा एक हात उचलून दाखवला. मला त्या क्षणी रडू आलं. गाडी उचलताना ती एक बोटही मागे सरकली नाही.

साखरप्याला उतरलो तसा वारा बदलला. दमट आणि उबदार. आईने काच पूर्ण खाली केली. लाल माती, कौलं, चिऱ्याचे गडगे. पुण्यात आम्हाला 'गं' म्हणणारी आई तिथून पुढे 'गो' म्हणायला लागली, तिच्या ध्यानातही आलं नाही. नाणीज, पाली. या पट्ट्यातही चौपदरीकरण चालू होतं, धूळ उडत होती. हातखंब्याला मुंबई-गोवा महामार्ग सोडून तीव्र वळणं उतरत कुवारबाव आणि मग मारुती मंदिर. दुपारी सव्वाला शहरात.

राहण्याची जागा ठरवताना मी फोनवर एकच प्रश्न सगळ्यांना विचारला होता, "अंगणात गाडी वळते का?" कोकणात घरं सुंदर असतात, पण पुष्कळ घरांकडे जाणारी वाट एका गाडीपुरती असते आणि येताना रिव्हर्सने बाहेर काढावी लागते. जिथे हो म्हणाले तिथे राहिलो, रोजचे अडीच हजार, तिघांना एक मोठी खोली. घरच्या काकूंनी पहिल्या रात्री मऊ भात, वालाचं बिरडं आणि सोलकढी वाढली. मला तळलेला बांगडा वेगळा.

शनिवारी शहर पाहिलं. टिळक आळीतलं लोकमान्यांचं जन्मघर, पतितपावन मंदिर, मग रत्नदुर्गाचा चढ. या भगवतीच्या किल्ल्यावरून एकीकडे मिरकरवाड्याचं बंदर दिसतं आणि दुसरीकडे उघडा समुद्र. गाडी वरपर्यंत जाते, पण पार्किंग उतारावर आहे. चिऱ्याचा तुकडा तिथे पहिल्यांदा कामी आला. मांडवीला काळी वाळू आहे, आणि जवळच पांढरा समुद्र नावाचा किनारा. शहरातल्या गल्ल्या अरुंद आहेत, बाजाराच्या भागात गाडी न नेता लांब लावून रिक्षा केलेली बरी.

थिबा पॅलेसला आम्ही ठरवल्यापेक्षा जास्त वेळ थांबलो. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८५ मध्ये पदच्युत करून हिंदुस्थानात आणलं आणि रत्नागिरीत ठेवलं. हा राजवाडा १९१० चा, आणि १९१६ मध्ये राजा इथेच वारला. परत जाणं झालंच नाही. जवळच्या थिबा पॉइंटवरून खाली काजळी नदी, खाडी आणि भाट्याचा पूल दिसतो. आई कठड्याला टेकून बराच वेळ त्या पुलाकडे बघत होती. उद्या जायचंय तिकडेच, म्हटलं. म्हणाली, "माहीत्ये. आज वरून बघून घेते."

रविवारी सकाळी सातला भाटे. पुलावर गाडी थांबवू नये, म्हणून हळूहळू पूल ओलांडला आणि पलीकडे सुरूच्या बनाजवळ गाडी लावली. आई काठी घेऊन वाळूतून चालली. मी मोजत होते, साठ-सत्तर पावलं असतील. चहावाल्याने न सांगता खुर्ची आणून दिली. आईने चपला काढल्या, पाय वाळूत खुपसले आणि काठीने पाण्यापलीकडे दाखवलं.

"तो राजिवडा. पूल नव्हता तेव्हा तिथून तर, म्हणजे होडी, सुटायची. भरतीला तर हलायची ना, तेव्हा बाबा माझ्या वेणीला धरून बसायचे. हाताला नाही, वेणीला. हात सुटतो म्हणायचे."

ही गोष्ट मी त्रेपन्न वर्षांत कधी ऐकली नव्हती. आम्ही तिथे दोन तास बसलो. ऊन लागायला लागलं तेव्हा ती स्वतःच उठली.

पुढे गोळपवरून पावस. स्वामी स्वरूपानंदांच्या समाधीचं दर्शन घेतलं, दुपारी तिथे खिचडीचा प्रसाद असतो तो घेतला. तिथून पूर्णगडाकडे निघाल्यावर मी नकाशावर भरवसा ठेवला आणि चुकले. मोबाइलने चार मिनिटं वाचणारी वाट सुचवली. वाट आधी डांबरी होती, मग मातीची, मग दोन्ही बाजूंना कमरेएवढे गडगे. एक आजोबा गवताचा भारा घेऊन येत होते. त्यांनी हात वर केला. "ताई, गाडी मागं घ्या, फुडं पाखाडी हाय." पुढे खरोखरच चिऱ्याच्या पायऱ्या खाली उतरत गेल्या होत्या. रिव्हर्सने शंभर पावलं मागे यायचं होतं. इथे नवऱ्याने 'थांब' म्हटलं, पण मी अर्ध्या क्षणाने उशीर केला आणि डावं दार गडग्याला घासलं. दोन वितींचा ओरखडा. आजोबांनी भारा खाली ठेवला, मागे जाऊन उभे राहिले आणि हाताने दाखवत दाखवत मला रस्त्यापर्यंत आणलं. कोकणात आतल्या वाटेला लागण्याआधी माणसाला विचारा. नकाशाला पाखाडी आणि रस्ता यांतला फरक कळत नाही. आणि वळणावर हॉर्न द्या, तिथे तो उद्धटपणा समजत नाहीत. पूर्णगड छोटा आहे, मुचकुंदीच्या मुखावरचा. मी एकटीच वर जाऊन आले.

सोमवारी उत्तरेकडे. शिरगाववरून आरे-वारेचा किनाऱ्याचा रस्ता. चढावरच्या वळणावर अचानक दोन्ही किनारे पायाखाली उलगडतात, आणि चालवणाऱ्याने नेमकं तेव्हा तिकडे बघायचं नसतं. मी आधी गाडी कडेच्या मोकळ्या जागेत घेतली, पहिला गिअर टाकला, चाकाला दगड लावला आणि मगच पाहिलं. आईला उतरायचं नव्हतं. ती काच खाली करून आतच बसली, हनुवटी दाराच्या कडेवर ठेवून. अर्धा तास. गणपतीपुळ्याला सोमवार असल्याने दर्शन वीस मिनिटांत झालं. मालगुंडला केशवसुतांचं स्मारक पाहिलं, जयगडला किल्ला बाहेरूनच. परत येताना अंधार नको म्हणून साडेचारला मुक्कामी. हा नियम मी शेवटचा दिवस सोडून रोज पाळला, सूर्य मावळायच्या आत गाडी उभी.

एकूण ९२० किलोमीटर झाले. पेट्रोल त्या वेळी १०६ रुपयांच्या आसपास होतं, त्याचे ६,३०० लागले. दोन्ही वेळचे टोल सातशे, राहण्याचे सहा रात्रींचे पंधरा हजारांच्या आत. पेट्रोल शहरातच भरून घेत होते, किनाऱ्याच्या रस्त्यांवर पंप शोधत बसायची वेळ आणू नये. ओरखडा रंगवायला १,८०० सांगितलेत.

मंगळवारी आंबा घाट चढून कोल्हापूर. या वेळी वाट मिळणारी मी होते. दोन गाड्या माझ्यासाठी थांबल्या आणि मीही स्टिअरिंगवरचा हात उचलून दाखवला. टपरीवर ते ट्रकचालक नव्हते.

बुधवारी, २० डिसेंबरला शेवटचा टप्पा. मला खरी भीती त्याचीच होती. खंबाटकीचा बोगदा संपला की लगेच एस आकाराचं वळण होतं, तिथे अपघात व्हायचे. आणि घराजवळ आल्यावर कात्रजच्या बोगद्यापासून नवले पुलाकडे उतरणारा तो लांब उतार. पेट्रोल-डिझेल वाचवायला तिथे अवजड गाड्या न्यूट्रलमध्ये सोडतात आणि मग ब्रेक लागत नाहीत, हे पुण्यातल्या प्रत्येकाने पेपरात वाचलेलं आहे. बोगद्यातून चाळीसने बाहेर पडले. नवलेच्या उतारावर तिसरा गिअर, डावी मार्गिका, आरशात सारखं लक्ष. एक ट्रक बाजूने धडधडत गेला. नवरा एक शब्द बोलला नाही. वडगाव, वारजे, चांदणी चौक, आणि बरोबर मार्गिकेतून खाली कोथरूडला.

सव्वासहा वाजता पार्किंगमध्ये गाडी लावली, गिअर टाकला, इंजिन बंद केलं. मागे बघितलं तर आई मान कलती करून गाढ झोपली होती. हँडलला हात नव्हता. दाराच्या आवाजाने जागी झाली आणि डोळे चोळत विचारलं, "खंबाटकीचा बोगदा आला का गो?"